उणे एक, अर्थात माझी पत

गृहकर्जाबद्दल लिही, लिही, म्हणून दोन मित्र कधीचे मागे लागलेत. दोघंही अजून तिकडेच आहेत, दोघांचाही "पुढच्या वर्षी परत यायचं" हा कार्यक्रम गेली सहा वर्षं चालू आहे, आणि दोघांनाही वाटतं की बारा वर्षं अमेरिकेत काढून, खिशात बऱ्यापैकी डॉलर घेऊन आलेल्या माणसासाठी इथल्या बँका पायघड्या घालून बसल्या असतील. मलाही असंच वाटत होतं. म्हणून हा विकांत त्या दोघांना आणि त्यांच्यासारख्या इतरांना अर्पण.

आधी पार्श्वभूमी. मी २०१३ साली न्यू जर्सीला गेलो आणि जून २०२४ मध्ये पुण्याला परत आलो. (हो, अकराच वर्षं. बारा म्हणायची सवय लागली आहे, तप वगैरे केल्यासारखं वाटतं.) जुलैत हिंजवडीत नोकरी सुरू झाली. आईबाबा कोथरूडला ज्या इमारतीत राहतात ती ८९ सालची, तीन मजली, लिफ्ट नाही. आमचं घर अर्थातच तिसऱ्या मजल्यावर. चोपन्न पायऱ्या आहेत, बाबांनी मोजल्यात. आईचे गुडघे २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत असे झाले की ती खाली उतरायची ती फक्त डॉक्टरांकडे जायला. भाजीवाल्याला वरून दोरीने पिशवी सोडायची. मी आलो तो मुख्यतः या दोघांसाठी, आणि आल्यावर वर्षभर बघत काय होतो, तर दोरीला बांधलेली पिशवी.

त्याच गल्लीत, चार इमारती सोडून, लिफ्ट असलेल्या सोसायटीत एक फ्लॅट विकायला निघाला. किंमत एक कोटी वीस लाख. मूळ मालक मुलीकडे बंगळुरूला चाललेले, त्यांना घाई. पाच लाख विसार दिला, विसारपावती झाली, आणि पंचेचाळीस दिवसांत साठेखत नोंदवायचं ठरलं. नाही जमलं तर विसार बुडाला. मी हसत सही केली. ऐंशी लाखांचं कर्ज काढायचं होतं, बाकीचे माझ्याकडे होते. तिकडचे सगळेच पैसे हाताशी नव्हते, कारण चारशे-एक-के मधले पैसे साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी काढले तर कर तर भरायचाच, वर दहा टक्के दंड. पण ऐंशी लाख म्हणजे काय, माझ्या पगारात सहज बसणारा हप्ता. मित्रांनो, त्या दिवशी मी साठेखताच्या तारखेला हापिसात रजासुद्धा टाकून ठेवली होती.

पहिल्यांदा गेलो माझ्याच बँकेत. माझ्याच म्हणजे, जिथे २०१३ पासून माझं एनआरई खातं आहे, जिथे मी दर महिन्याला न चुकता पैसे पाठवले, जिथून आईबाबांचा औषधपाण्याचा खर्च गेला, मुदत ठेवी झाल्या, मोडल्या, परत झाल्या. काउंटरपलीकडच्या मॅडम चांगल्या होत्या, हे आधीच सांगतो. चहा मागवला. पॅन क्रमांक टाकला. मग पडद्याकडे बघत राहिल्या.

"सर, तुमचा सिबिल उणे एक येतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे हिस्ट्रीच नाही."

"अहो मॅडम, अकरा वर्षांची हिस्ट्री तुमच्याच बँकेत आहे की!"

"ती डिपॉझिटची, सर. सिबिलला डिपॉझिट दिसत नाही."

हे वाक्य मी नंतर बऱ्याच रात्री घोळवलं. आणि ते खरंच आहे. सिबिल, किंवा तिच्यासारख्या इक्विफॅक्स, एक्स्पेरियन, क्रिफ हाय मार्क या आणखी तीन कंपन्या, फक्त तुम्ही घेतलेल्या कर्जांची आणि क्रेडिट कार्डांची नोंद ठेवतात. किती घेतलं, हप्ता कधी भरला, कधी चुकवला. साठवलेला पैसा हा त्यांचा विषयच नाही. ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण मिळतात, आणि ज्याने इथे कधी काही उधार घेतलेलंच नाही त्याला मिळतं उणे एक. मी इंजिनियरिंग संपवून दीड वर्ष इथे नोकरी केली आणि गेलो. कार्ड नाही, दुचाकी बाबांच्या पैशाने. ज्याला आपल्याकडे "कुणाचं एक पैशाचं देणं नाही" असं कौतुकाने म्हणतात, तो मी. यंत्राच्या भाषेत त्याचं भाषांतर होतं: अनोळखी इसम.

आपल्या धंद्यातल्या लोकांना यातली खरी गंमत कळेल. उणे एक हा आकडा नव्हे, तो सांकेतिक खूण आहे. "मला उत्तर माहीत नाही" हे सांगायला प्रोग्रामर लोक परंपरेने उणे एक परत पाठवतात. आता कुठल्या तरी यंत्रणेत कुणीतरी "गुण सातशेपेक्षा कमी असतील तर अर्ज नाकारा" एवढीच एक ओळ लिहून ठेवली असेल, तर काय होईल? उणे एक हा सातशेपेक्षा कमीच की. हप्ते बुडवून ३५० वर आलेला माणूसही नापास आणि ज्याने कधी हप्ताच घेतला नाही तोही नापास, आणि गणिताने बघायला गेलं तर दुसरा जास्त नापास! मी काही त्या बँकेची आज्ञावली बघितलेली नाही, हा माझा आपला संशय. पण मॅडमचं उत्तर "सर, सिस्टीमच पुढे जाऊ देत नाहीये" असं होतं, आणि सिस्टीम आभाळातून पडत नाही. ती माझ्यासारखाच कुणीतरी हिंजवडीत बसून, शुक्रवारी संध्याकाळी, घरी जायच्या घाईत लिहितो.

बरं, नियम काय सांगतो? ६ जानेवारी २०२५ च्या आपल्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने कर्जसंस्थांना सांगितलंय की पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही एवढ्या कारणावरून नाकारू नये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अर्थ खात्याने लोकसभेतही तेच सांगितलं. मी हे त्या मॅडमना दाखवलं. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "नाकारत नाहीच आहोत सर. फक्त फॉर्म १६ दोन वर्षांचे लागतील."

माझ्याकडे फॉर्म १६ एकच. तोही जुलै ते मार्च, नऊ महिन्यांचा.

"त्याआधीचे अमेरिकेतले डब्ल्यू-२ आहेत. टॅक्स रिटर्न आहेत. अकरा वर्षांचे."

"ते एनआरआय होम लोनला चालतात, सर."

"मग तेच द्या."

"पण तुम्ही आता एनआरआय नाही ना."

म्हणजे बघा. निवासी म्हणून कर्ज मागितलं तर इथली कमाई पुरेशी जुनी नाही, आणि अनिवासी म्हणून मागितलं तर तिथली नोकरी आता नाही. दोन अर्ज, दोन रंग, आणि मी दोन्हींच्या मधल्या पांढऱ्या जागेत उभा. शेवटी त्यांनी हळूच एक प्रश्न विचारला, ज्यावर मी गप्प बसलो: "सर, पण तुमचं खातं अजून एनआरई कसं?"

इथे माझी चूक, आणि ती कबूल करतो. कायमचं राहायला परत आलात की परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे फेमाप्रमाणे, तुम्ही निवासी होता आणि एनआरई खातं लगेच निवासी खात्यात बदलून घ्यायचं असतं. डॉलर डॉलरच ठेवायचे असतील तर त्यासाठी आरएफसी नावाचं वेगळं खातं मिळतं. एनआरईच्या व्याजावरची करमाफी तिथेच संपते. मी वर्षभर "करू, करू" करत राहिलो. बँकेला मी कोण आहे ते कळत नाही म्हणून मी चिडलो होतो, पण मी कोण आहे ते बँकेला सांगायचं काम माझं होतं आणि ते मी केलं नव्हतं. कर सल्लागाराकडे जाऊन नंतर सगळं निस्तरलं, व्याजावरचा कर भरला, त्याची कथा इथे सांगत नाही, रडायला येतं :-)

असो. तर पंचेचाळीस दिवसांतले अकरा इथे गेले.

आता जरा मागे जातो, कारण हा अनुभव मला नवा नव्हता. २०१३ साली एडिसनला उतरलो तेव्हाही मी असाच अनोळखी इसम होतो. भाड्याने घर मागायला गेलो तर "क्रेडिट स्कोअर किती?" स्कोअर नाही म्हटल्यावर दोन महिन्यांचं भाडं जास्तीचं अनामत. क्रेडिट कार्ड मिळेना, तर बँकेत पाचशे डॉलर ठेवायचे आणि त्याच्यावर पाचशे डॉलर मर्यादेचं कार्ड घ्यायचं. म्हणजे स्वतःचेच पैसे स्वतःला उधार. ओक ट्री रोडवर वाणसामान घ्यायचं, त्या कार्डाने द्यायचं, महिन्याअखेर फेडायचं, आणि असं वर्षभर करून "हा बरा दिसतोय" असं म्हणवून घ्यायचं. पुढे गाडीचं कर्ज घेतलं, फेडलं. निघालो तेव्हा माझा फिको ८१२ होता, ८५० पैकी. आईला फोनवर सांगितला होता. ती म्हणाली, "छान. दहावीला असे का नाही मिळवलेस?"

त्या ८१२ चं पुण्यात काय झालं, तर काही नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. २०१९ पासून निदान एका मोठ्या अमेरिकी कार्ड कंपनीने अशी सोय केली आहे की नव्याने आलेला माणूस त्याची मायदेशातली पत, मध्ये एका तिसऱ्या कंपनीला घालून, दाखवू शकतो, आणि त्या मायदेशांत भारत आहे. म्हणजे पुण्याची पत न्यू जर्सीत वाचता येते. उलट दिशेला मात्र माणूस येतो, त्याचं सामान येतं, पैसे येतात, मुलांचे शाळेचे दाखले येतात, लसीकरणाची कार्डं येतात, आणि त्याने अकरा वर्षं वेळेवर दिलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद तेवढी तिकडेच राहते. आणि नावं बघा: एक्स्पेरियन तिथेही, इथेही. इक्विफॅक्स तिथेही, इथेही. सिबिलमध्ये ट्रान्सयुनियन मालक. एकाच घरातल्या दोन भावांनी एकमेकांशी बोलू नये तसं. याला कायदे आहेत, दोन देशांच्या गोपनीयतेचे नियम आहेत, हे मला मान्य. पण मी स्वतः संमती देतोय, माझाच अहवाल मी स्वतः उतरवून घेऊन तुमच्या टेबलावर ठेवतोय, तर तो निदान वाचायला काय हरकत आहे?

हे सगळं मी रविवारी बाबांना तावातावाने सांगत होतो. आणि आपल्या पिढीची एक खास खोड आहे, काही बिनसलं की आपण एकदम जुन्या काळाचे गोडवे गायला लागतो. मी म्हटलं, "तुमच्या वेळचं बरं होतं. माणूस माणसाला ओळखायचा. पतपेढीत गेलात, दोन जामीनदार दिलेत, कर्ज मिळालं. ना सिबिल, ना फिबिल."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी तो घडी घालून ठेवला. ही धोक्याची खूण असते.

"रंगीत टीव्ही आपल्याकडे कधी आला?"

"ब्याण्णव-त्र्याण्णवला."

"आणि सगळ्यांकडे?"

मग ते बोलले. त्यांच्या खात्यात शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होते. त्यांनी पतपेढीतून कर्ज काढलं, बाबा जामीन राहिले. नाही म्हणता येत नसे, रोज एकत्र डबा खायचा तर नाही कसं म्हणणार. ते गृहस्थ पुढे हप्ते भरेनासे झाले, मग नोकरीच सोडून गावी गेले. आणि मग बाबांच्या पगारातून दर महिन्याला त्यांचा हप्ता कापला जाऊ लागला. दोन वर्षं आणि काही महिने. हे मला आजवर माहीत नव्हतं. आईलाही सुरुवातीचे सहा महिने माहीत नव्हतं. बाबांनी तिला सांगितलं होतं की भविष्यनिर्वाह निधीत जास्त टाकतोय. ती बसली होती तिथून म्हणाली, "सातव्या महिन्यात मी पगाराची चिठ्ठी बघितली."

मी म्हटलं, तरी कर्ज मिळायचं तर खरं ना.

"मला मिळायचं," बाबा म्हणाले. "मला दोन जामीनदार मिळायचे. आमच्या खात्यातल्या शिपायाला कोण जामीन राहायचं? कोणी नाही. त्याचं आडनाव ऐकून लोक पेन खिशात ठेवायचे. तुझ्या त्या सिबिलात आडनाव मोजतात का?"

नाही मोजत. हप्ते मोजतात.

"मग बरं आहे की ते."

आता यावर काय बोलणार? मी जे "माणूस माणसाला ओळखायचा" म्हणत होतो, ती ओळख कुणाची कुणाशी होती हा प्रश्न मला पडलाच नव्हता. व्यवस्थापकाशी ओळख असलेल्याला घर मिळत होतं. बाकीचे निवृत्तीला फंड हातात आला की मग वीट घ्यायचे. १९७७ मध्ये एचडीएफसी स्थापन झाली आणि पगारदार माणसाला उमेदीच्या वयात घरासाठी कर्ज मिळू शकतं ही कल्पना हळूहळू रुजली, पण तिथेही सुरुवातीला जामीनदार लागायचेच. सिबिलची स्थापना २००० सालची, आणि या कंपन्यांना लागू असलेला कायदा २००५ चा. म्हणजे जामीनदार शोधत फिरणं बंद होऊन फार दिवस झालेले नाहीत. त्यामुळे "आकड्यांनी माणुसकी मारली" या छापाचा लेख माझ्या डोक्यात तयार होता, तो बाबांनी तिथल्या तिथे रद्द केला.

माझं म्हणणं आता एवढंच उरतं. आकडा असू दे, पण कोऱ्या पाटीला चुकीचं उत्तर समजू नका. आणि खरं सांगायचं तर यात परदेशातून आलेल्यांचं दुःख हे चैनीचं दुःख आहे. आम्हाला अकरा दिवस चिडचिड होते, मग कुठूनतरी मार्ग निघतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या मावशी आहेत. वीस वर्षं धंदा, रोजची रोख उलाढाल, भिशीचा एक हप्ता कधी चुकला नाही. त्याही उणे एकच असणार. त्यांच्याकडे दाखवायला ना डब्ल्यू-२, ना फिको. २०२१ पासून अकाउंट अॅग्रिगेटर नावाची व्यवस्था चालू आहे, तिच्यात खातेदाराच्या संमतीने त्याच्या बँकखात्यांची माहिती दुसऱ्या बँकेला थेट बघता येते. म्हणजे "डिपॉझिट दिसत नाही" हे दर वेळी खरं असायचं कारण नाही. बघायची सोय झाली आहे. बघायची इच्छा हवी, आणि बघितल्यावर त्याचा अर्थ लावून सही करणारा माणूस हवा. सही केली आणि कर्ज बुडालं तर जाब त्याला विचारणार, नाकारलं तर कुणीच काही विचारणार नाही. मग तो कशाला सही करेल? मीही केली नसती कदाचित.

दुसऱ्या एका बँकेत मात्र असा माणूस भेटला. वयस्कर, निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी माझी फाईल उघडली आणि तीन वर्षांचे डब्ल्यू-२, अमेरिकेतला क्रेडिट रिपोर्ट, एनआरई खात्याचा उतारा हे सगळं खरोखर वाचलं. मध्येच विचारलं, "ही दर महिन्याच्या तीन तारखेची रक्कम आईवडिलांची का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "एकदाही चुकली नाही." मग म्हणाले, कर्ज देता येईल, पण तुमच्या एकट्याच्या नावावर दर जास्त पडेल. त्यांच्या दरपत्रकात गुणांप्रमाणे पायऱ्या होत्या आणि इतिहास नसलेल्यांची पायरी वेगळी होती. माझ्या बाबतीत फरक अर्ध्या टक्क्याचा. ऐंशी लाख, वीस वर्षं: साडेसात टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे चौसष्ट हजार चारशे, आठ टक्क्यांनी सहासष्ट हजार नऊशे. महिन्याला अडीच हजार किरकोळ वाटतात, वीस वर्षांचे ते सहा लाखांच्या आसपास जातात. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आणला म्हणून मी खूश होतो, त्यातला निम्मा फायदा माझ्या कोऱ्या पाटीने खाल्ला असता.

"घरात आणखी कोण कमावतं?" त्यांनी विचारलं.

बायको कमावते. लग्नाआधी तिने पुण्यात असताना मुदत ठेवीवर एक क्रेडिट कार्ड काढलं होतं. तिकडे असतानाही ते चालू ठेवलं. सासूबाईंना दिवाळीची साडी, माझ्या आईबाबांचं वीजबिल, भाच्याचा वाढदिवस, सगळं त्या कार्डावरून. वर्षाला पाचशे रुपये शुल्क. मी दर वर्षी तिला म्हणायचो, कशाला ते भिकार कार्ड ठेवलंयस, बंद कर. तिचा सिबिल निघाला ७९१.

त्या रात्री ती काही बोलली नाही. फक्त जेवताना म्हणाली, "पाचशे रुपये वाचवायला सांगत होतास, नाही का?"

तर कर्ज झालं, मुख्य अर्जदार ती, सहकर्जदार मी. घरही तिच्या एकटीच्या नावावर घेतलं, कारण २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आमच्याकडे पुण्यात सातऐवजी सहा टक्के, म्हणजे एक लाख वीस हजार वाचले. नोंदणी शुल्क तीस हजार. विकणाऱ्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस कापायचा असतो (किंमत पन्नास लाखांच्या वर असली की), तो कापून भरला. साठेखत त्रेचाळिसाव्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नोंदवलं. अंगठे, फोटो, सगळं होईस्तोवर दुपारचे साडेतीन. मालक विसारपावती परत मागत होते आणि मी ती घरी विसरलो होतो.

आता त्या दोन मित्रांसाठी, घाईघाईत. यायच्या आधी एकदा स्वतःचा सिबिल बघा, प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो, २०१७ पासून. जुन्या खात्यातल्या ठेवीवर एक छोटं कार्ड आत्ताच काढून ठेवा, त्यावर चहा-बिस्किटं घ्या आणि वेळेवर फेडा. तिकडचे कागद इकडे येताना बॅगेत नका, पीडीएफ करून आणा, नोकरी सुटली की कंपनीच्या संकेतस्थळावरचं खातं बंद होतं. एनआरईचं काम उतरल्या उतरल्या करा. येण्याआधीच घर घेणार असाल आणि इथे वडील सह्या करणार असतील तर मुखत्यारपत्र वकिलातीतून साक्षांकित करून पाठवा, आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो, हे कुणी सांगत नाही. कर्ज पाऊण कोटीच्या वर असेल तर बँक किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपेक्षा जास्त देत नाही, आणि मुद्रांक-नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत, तो पैसा वेगळा हातात ठेवा. बदलत्या दराचं गृहकर्ज व्यक्तीने मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, तेव्हा डॉलर सुटतील तसे भरत राहा. बाकी प्रश्न असतील तर फोन करा, पण माझ्या बायकोलाच करा, पत तिची आहे.

आईबाबा नव्या घरात गेलेत. आई रोज संध्याकाळी लिफ्टने खाली उतरते, कट्ट्यावर बसते आणि भाजीवाल्याशी समोरासमोर घासाघीस करते. तो म्हणतो दोरीच बरी होती.

आणि एक राहिलं. मागच्या रविवारी बाबांनी विचारलं, "माझा किती येईल रे?" त्यांचा पॅन क्रमांक टाकला, मोबाईलवर आकडा आला तो टाकला, अहवाल उघडला. पतपेढीचं कर्ज ऐंशीच्या दशकातलं, सिबिलच्या जन्माच्या कितीतरी आधीचं. त्यानंतर या माणसाने कधी कुणाकडून एक रुपया उधार घेतला नाही. पडद्यावर उणे एक.

"म्हणजे नापास?"

"नाही बाबा. परीक्षेलाच बसला नाहीत, असं आहे त्याचं."

"दोनदा बसलोय," ते म्हणाले. "एकदा माझ्या वतीने आणि एकदा त्याच्या." आणि पेपर उघडला.